'हे म्हणणे खरे आहे की...'

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला आमच्या महाविद्यालयात एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. गृहस्थ सज्जन, वाचन बरे, बोलणे मृदू. कार्यक्रमानंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा चालू असताना मी त्यांना विचारले, "सर, न्यायाधीशांना नेमणुकीनंतर भाषेचे काही शिक्षण मिळते का? साक्षीदाराचे बोलणे कसे ऐकावे, कसे टिपून घ्यावे, याचे?" ते हसले. म्हणाले, "मॅडम, कायदा बदलला की आम्हांला बोलावतात, चार दिवस ठेवून घेतात, नवी कलमे समजावून सांगतात. भाषा कशाला शिकवायला हवी? ती तर आईच्या दुधातून आलेली असते." खोलीतले सगळे हसले. पाहुण्यांशी वाद घालू नये या संस्काराला जागून मीही हसले आणि कप खाली ठेवला.

त्या दिवशी जे बोलायचे राहिले ते इथे लिहिते आहे. न्यायाधीशांच्या निरंतर शिक्षणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. अकादम्या आहेत, वसतिगृहे आहेत, व्याख्याने होतात. परंतु न्यायाधीशाच्या रोजच्या कामाचा जो सर्वांत मोठा भाग, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे ऐकणे आणि ते कागदावर उतरवणे, तो या सगळ्या खटाटोपात जवळजवळ गृहीत धरलेला असतो. माझा आक्षेप या गृहीत धरण्याला आहे.

आधी स्वतःच्या घरातले सांगते, म्हणजे 'मास्तरीणबाई दुसऱ्यांना शिकवायला निघाल्या' असे कोणी म्हणायला नको. आम्हां प्राध्यापकांनाही नोकरीत असताना शिकावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून त्यासाठी खास केंद्रे काढली. त्यांची नावे तेव्हापासून दोनदा बदलली, समोसा बदललेला नाही. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, सकाळची सही, दुपारची सही, शेवटी प्रमाणपत्र. आणि त्या प्रमाणपत्रावर पुढची वेतनश्रेणी. एकवीस दिवसांच्या अशा एका वर्गात मी विसाव्या शतकातल्या समीक्षेवर बावीस व्याख्याने ऐकली आणि त्यांतले एकही मला आज आठवत नाही. आठवतो तो एकच तास. एका तरुण शिक्षिकेने आमच्यातल्या प्रत्येकाचे दहा मिनिटांचे शिकवणे ध्वनिमुद्रित केले आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर ऐकवले. मी दहा मिनिटांत चौदा वेळा 'लक्षात आलं ना?' म्हटले होते आणि एकदाही उत्तरासाठी थांबले नव्हते. बारा वर्षे मी शिकवत होते आणि हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगणार कोण? विद्यार्थी तर सांगू शकत नाहीत.

न्यायाधीशाला तर त्याहूनही कमी लोक सांगू शकतात.

आता आत्याची गोष्ट. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला, कारण तिच्यात मी चांगल्या बाजूला नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या आत्याने वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागण्यासाठी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला. प्रतिवादी तिचे भाऊ. त्यांतले क्रमांक दोनचे प्रतिवादी माझे वडील. भावांची कैफियत अशी की, आजोबा हयात असतानाच सोने आणि रोख रक्कम देऊन आत्याचा हिस्सा तोंडी भागवला होता. तसे काहीही झालेले नव्हते, आणि हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. मी नुकतीच नोकरीला लागले होते. उलटतपासणीच्या दिवशी वडिलांबरोबर न्यायालयात गेले आणि मागच्या बाकावर बसले.

आमच्या वकिलांनी विचारले, वडील वारल्यानंतर वीस वर्षे तुम्ही भावांकडे हिस्सा मागितला नाही, हे खरे आहे का? आत्या म्हणाली, "भावाकडं काय मागायचं, सायेब? दर सालाला साडीचोळी येत हुती. मागितलं आसतं तर म्हायेर तुटलं आसतं." वकील म्हणाले, "म्हणजे मागितला नाही ना? हो की नाही, एवढंच सांगा." आत्या म्हणाली, "न्हाई मागितला." न्यायाधीशांनी खाली बसलेल्या लिपिकाला सांगितले आणि त्याने टंकित केले: 'हे म्हणणे खरे आहे की, वडिलांच्या मृत्यूनंतर वीस वर्षे मी दावा मिळकतीत हिस्सा मागितला नाही. हे म्हणणे खरे आहे की, माझे भाऊ मला दरवर्षी साडीचोळी देत असत.'

म्हायेर तुटण्याचे वाक्य कुठेच आले नाही. साडीचोळी आली, आणि ती पुढे निकालपत्रात हिस्सा भागवल्याच्या कथेला पोषक पुरावा म्हणून उभी राहिली. 'वादीने स्वतः कबूल केले आहे की' अशी त्या परिच्छेदाची सुरुवात होती. निकाल आमच्या बाजूने लागला.

न्यायाधीश लबाड नव्हते. आळशीही नव्हते, दिवसभर पुकारे चालू होते आणि ते जेवायलाही उशिरा उठले. त्यांना कायदा येत नव्हता असेही नाही. त्यांना ऐकू आलेले वाक्य त्यांनी ओळखीच्या साच्यात ओतले, इतकेच. आत्या 'का मागितले नाही' ते सांगत होती. साच्यात 'मागितले की नाही' एवढीच जागा होती. महाराष्ट्रातल्या कोणत्याही न्यायालयातून साक्षीची नक्कल काढा, हा साचा तुम्हांला दिसेल. 'हे म्हणणे खरे आहे की', 'हे म्हणणे खरे नाही की', आणि सर्वांत शेवटी, देवळातल्या घंटेसारखे, 'मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.' मराठीत जन्मलेला कोणताही माणूस असे बोलत नाही. प्रश्न वकिलाचा असतो, शब्द वकिलाचे असतात, वाक्य न्यायाधीशाचे असते आणि तोंड मात्र साक्षीदाराचे. साक्ष कथनाच्या रूपात नोंदवण्याची पद्धत असल्यामुळे प्रश्न गळून पडतो, आणि उत्तर असे उभे राहते की जणू त्या माणसाने आपण होऊन ते सांगितले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातले न्यायाधीश आठवत असतील: समोर काहीही घडो, ते लिपिकाकडे वळून त्याचा सारांश सांगतात, आणि जे सांगितले तेच घडले असे ठरते. प्रेक्षक तिथे हसतात. मला हसू आले नाही.

कायद्यात यावर उपाय नाही असे नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मधला नियम १० म्हणतो की, विशेष कारण असेल तर न्यायाधीशाला एखादा प्रश्न आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे नोंदवता येते. नियम १२ प्रमाणे साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेराही लिहिता येतो. साक्ष वाचून दाखवण्याची तरतूद आहे. आत्यालाही वाचून दाखवल्याचा शेरा नकलेवर आहे. म्हणजे दार उघडे आहे. परंतु 'विशेष कारण' समोर उभे आहे हे ओळखणार कोण आणि कशाने? त्याला कलम पाठ असून भागत नाही, कान लागतो. आणि कान आईच्या दुधातून येत नाही. तसे असते तर मराठीच्या एम.ए.ला बोलीविज्ञानाचा पेपर लावण्याची गरज नव्हती.

आमच्या पाहुण्यांची आई ज्या जिल्ह्यातली, तिथलीच मराठी त्यांना दुधातून मिळाली, हेही त्यांनी लक्षात घेतले नाही. कनिष्ठ न्यायालयांतले न्यायाधीश काही वर्षांनी बदलून जातात. आज सावंतवाडी, उद्या गडचिरोली, परवा शहादा. भरतीच्या नियमांत 'मराठीचे पुरेसे ज्ञान' हवे. पुरेसे म्हणजे कोणाला पुरेसे? एके ठिकाणी जमीन 'बटईने' दिलेली असते, दुसरीकडे 'निम्म्याने', तिसरीकडे 'खंडाने', आणि या शब्दांमागचे व्यवहार तंतोतंत एक नसतात. बाई म्हणते 'माझा पाट लागला'. तिच्या दृष्टीने ते लग्न आहे, आणि कागदावर ते काय होईल यावर तिची पोटगी अवलंबून असते. चुलतभावाला 'भाऊ' म्हणण्याची आपली रीत तर सगळीकडची. एखादी आई साक्षीत म्हणते, 'पोरगी तवा शहाणी झाली नव्हती.' ती मुलीच्या वयाचा पुरावा देत असते. शहरात वाढलेल्या तरुण न्यायाधीशाला वाटते की ती मुलीच्या समजूतदारपणाबद्दल बोलते आहे. हे अपवादात्मक शब्द नव्हेत. खेड्यातल्या न्यायालयात रोज कानांवर पडणारे आहेत.

आणि एक शब्द तर कोणाच्याच तोंडी नसून सगळीकडे आहे. कोणत्याही पोलीस ठाण्यातली फिर्याद उघडा: 'माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले.' पंधरा वर्षांची मुलगी असो की पन्नास वर्षांची भाजीवाली, सगळ्यांच्या मनास लज्जाच उत्पन्न होते. मी आजवर एकाही स्त्रीला छेडछाडीबद्दल बोलताना 'लज्जा' म्हणताना ऐकलेले नाही. राग आला म्हणतात, किळस आली म्हणतात, पाय लटपटले म्हणतात. लज्जा ही १८६० च्या दंडसंहितेतल्या कलम ३५४ च्या इंग्रजीतून भाषांतरकाराने आणलेली आणि ठाणे अंमलदाराने प्रत्येकीच्या पदरात बांधलेली वस्तू आहे. पुढे उलटतपासणीत तिलाच विचारतात, लज्जा वाटली तर ओरडला का नाहीत?

इथे मथुरेची आठवण काढावीच लागते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले; संभोग सिद्ध झाला तरी बलात्कार सिद्ध झाला नाही, अशी शब्दांची चिरफाड तिथे झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती उलटवली आणि म्हटले की, भीतीपोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आरोपींना सोडले: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. सगळा खटला 'सोसणे' आणि 'संमती' या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभा होता. ठाण्यात रात्री उभी असलेली एक पोर गप्प का राहते, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून सुटणारा नव्हता. तो वाचनाचा प्रश्न होता; गप्प राहण्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न होता.

आणि मग काय झाले? १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. पत्र लिहिणारे कायद्याचे अध्यापक होते. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. न्यायाधीशांचे निरंतर शिक्षण कशाला म्हणावे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि ते कोणत्याही अकादमीत घडले नाही. चार मास्तरांनी न्यायालयाला त्याचेच वाक्य पुन्हा वाचून दाखवले, एवढेच ते होते.

अकादम्या नंतर आल्या. न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर विधि आयोगाने १९८६ साली आपला ११७ वा अहवाल दिला. १९९३ साली राष्ट्रीय न्यायिक अकादमीची नोंदणी झाली आणि भोपाळच्या तिच्या संकुलाचे उद्‌घाटन २००२ साली झाले. महाराष्ट्राची अकादमी भाईंदरजवळ उत्तन येथे, समुद्राच्या काठी आहे. हे सगळे व्हायलाच हवे होते. परंतु या संस्थांचे कार्यक्रम प्रसिद्ध होतात, ते कोणीही वाचावेत. कायद्यातल्या दुरुस्त्या, अलीकडचे निवाडे, न्यायालयीन व्यवस्थापन, संगणक, प्रलंबित प्रकरणांचा निपटारा; शिकवणारे बहुतेक आजीमाजी न्यायाधीशच. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या तेव्हा देशभर वर्ग भरले आणि तीनशे दोनचे एकशे तीन झाले, चारशे वीसचे तीनशे अठरा झाले, हे सर्वांना नीट समजले. समजायलाच हवे. परंतु ते पाठांतर आहे. एखाद्या तक्त्यानेही भागते.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना तर तेही सक्तीचे नाही. जो काल वकील होता तो आज शपथ घेतो आणि उद्या निकाल देतो. त्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी दिसतात. १९७८ साली नागपूर बरोबर होते आणि दिल्ली चुकली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच नागपूर खंडपीठाने बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यात 'स्पर्श' म्हणजे कातडीचा कातडीला स्पर्श, असा अर्थ लावला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीने तो खोडला. स्पर्श म्हणजे काय, हे तिसरीतली मुलगीही सांगेल. तिला कपड्यावरून कळत नाही असे थोडेच आहे?

आता 'संवेदनशीलता' या शब्दाकडे येते. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली की, त्याने रक्षाबंधनाच्या दिवशी पत्नीसह, मिठाई घेऊन, तक्रारदार बाईच्या घरी जावे, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणीचे अकरा हजार रुपये द्यावेत. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपर्णा भट यांच्या याचिकेवर ही अट रद्द केली आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात लिंगभाव संवेदनशीलतेचा समावेश करावा असे सांगितले. २०२३ साली त्याच न्यायालयाने स्त्रियांविषयीचे साचेबद्ध शब्द टाळण्यासाठी पुस्तिकाही काढली. पुस्तिका चांगली आहे. भीती एवढीच वाटते की या सगळ्याचे शेवटी आमच्या उजळणी वर्गासारखे होईल: दुपारी दोन ते साडेतीन, 'संवेदनशीलता', पाहुण्या व्याख्यात्या, गुलदस्ता, आभार. शब्द टाळायला शिकवणे सोपे असते. 'चारित्र्यहीन' हा शब्द न वापरताही ते सबंध निकालपत्रात मुरलेले असू शकते.

याला पहिला आक्षेप येतो तो स्वातंत्र्याचा. न्यायसंस्था स्वतंत्र आहे. तिला बाहेरच्यांनी शिकवू लागणे धोक्याचे. हा आक्षेप आपला एकट्याचा नाही. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची योजना निघाली तेव्हा तिथल्या न्यायाधीशांना 'प्रशिक्षण' हा शब्दच झोंबला. मग अहवालात त्या जागी 'अभ्यास' हा शब्द आला आणि १९७९ साली जे मंडळ स्थापन झाले त्याच्या नावातही 'अभ्यास'च राहिला. शब्दाला तडजोड केली आणि काम सुरू केले. आज त्याच देशात न्यायाधीशांना वेगवेगळ्या समाजगटांतल्या पक्षकारांशी कसे बोलावे, त्यांचे बोलणे कसे समजून घ्यावे, याचे जाडजूड मार्गदर्शक पुस्तक मिळते. फ्रान्समध्ये भावी न्यायाधीशाला बोर्दोच्या शाळेत एकतीस महिने काढावे लागतात आणि त्यांत वकिलाचे कार्यालय, तुरुंग, अशा ठिकाणी उमेदवारी करावी लागते. तिथली न्यायालये सरकारची बटीक झाल्याचे ऐकिवात नाही. निकाल काय द्यावा हे न्यायाधीशाला कोणी सांगू नये, हे निर्विवाद. परंतु साक्षीदार काय म्हणाला ते त्याला नीट कळले का, हे विचारल्याने कोणाचे स्वातंत्र्य जाते?

दुसरा आक्षेप वेळेचा. कनिष्ठ न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत आणि तुम्ही न्यायाधीशांना बोली ऐकायला कुठे पाठवता? हा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. न्यायाधीशाच्या कामाचे मोजमाप निकालांच्या संख्येने होत असताना सावकाश ऐकणारा न्यायाधीश मागे पडणार, हे उघड आहे. पण या चार कोटींत अपिले किती, फेरसुनावण्या किती, त्यांतल्या किती पहिल्या नोंदीतल्या एका वाक्यावरून निघालेल्या, याचा हिशेब आधी मांडावा आणि मग बोलावे.

तिसरे उत्तर नुकतेच निघाले आहे. २० मे २०२५ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. थेट महाविद्यालयातून आलेल्या मुलांना व्यवहार कळत नाही, असे त्यामागचे कारण. कारण खरे आहे. परंतु व्यवहार म्हणजे काय? 'हो की नाही, एवढंच सांगा' हे वाक्य वकिलीतच शिकले जाते. माणूस तीन वर्षे साक्षीदाराचे बोलणे तोडायला शिकेल आणि मग खुर्चीवर बसून ते जोडायला शिकेल, अशी अपेक्षा असेल तर त्या दोहोंमध्ये कुठेतरी एक वर्ग असायला हवा.

तो वर्ग कसा असावा, याबद्दल माझ्या कल्पना अगदी घरगुती आहेत. न्यायाधीशाच्या स्वतःच्या न्यायालयातली एक उलटतपासणी ध्वनिमुद्रित करावी. फौजदारी खटल्यांत तशी सोय कायद्यातच २००९ च्या सुधारणेपासून आहे. मग त्याने लिहून घेतलेली नोंद आणि ते ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ठेवावे. वर्गात वरिष्ठ न्यायाधीश नकोत, कारण त्यांच्यासमोर कोणी चूक कबूल करत नाही. एक भाषेचा अभ्यासक, एक त्या भागातली सामाजिक कार्यकर्ती आणि शक्य असेल तर वीसेक वर्षे साक्षी टंकित केलेला एखादा निवृत्त लिपिक एवढे पुरे. आपले कोणते वाक्य कुठे गळाले हे त्याचे त्याला दिसेल. बदली होऊन नव्या जिल्ह्यात रुजू होण्यापूर्वी तीन दिवस तिथले बोलणे ऐकायला द्यावेत. आणि हे सर्व मराठीत व्हावे. १९९८ साली मराठी ही राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरली. २००५ साली निम्मी तरी निकालपत्रे मराठीत द्यावीत असे उच्च न्यायालयानेच परिपत्रक काढले. तरीही कायद्याचा विचार म्हणून जो होतो तो इंग्रजीतच, आणि मराठी मागच्या दाराने, भाषांतराच्या वेषात येते.

मराठीवाल्यांनीही इथे फार छाती पुढे काढू नये. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहाराचे कोश केले, ते इंग्रजीतून मराठीकडे येणारे. 'अभिहस्तांतरण' आणि 'प्रतिफल' आपण घडवले. साक्षीदाराच्या तोंडचे शब्द घेऊन न्यायाधीशाकडे जाणारा कोश करावा असे आपल्याला सुचले नाही. आमचे विभाग बोलींवर शोधनिबंध लिहून घेतात, त्यांत ओव्या असतात, उखाणे असतात, म्हणी असतात. मी स्वतः वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला तालुक्याच्या न्यायालयात दिवसभर बसून भाषा ऐकून ये असे सांगितलेले नाही, आणि न्यायालय आमच्या महाविद्यालयापासून बसथांब्याच्या पलीकडे आहे. पाहुण्यांनी 'आईचे दूध' म्हटल्यावर मी गप्प बसले त्यात याचीही शरम होती.

आत्याने अपील केले नाही. तिला सल्ला देणारे लोक आमच्याच घरातले होते. तिच्या साक्षीची नक्कल वडिलांच्या कागदपत्रांत सापडली, ती आता माझ्याजवळ आहे. कोणत्याही न्यायिक अकादमीला वर्गात वापरायची असेल तर नावे खोडून मी ती द्यायला तयार आहे; वगळलेले वाक्य माझ्या हाताने समासात लिहून देईन. अडीच पाने आहेत. वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.